उतारवयाचे वस्त्र : आलवणापासून आवडीपर्यंत

सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळाची जुनी छायाचित्रे चाळताना आमचे लक्ष वडीलधाऱ्या स्त्रियांच्या पेहरावाकडे गेले. आरंभीच्या चित्रांत पुढच्या रांगेत नऊवारी लुगडी आहेत आणि मागे उभ्या असलेल्या सुनांच्या अंगावर पाचवारी पातळे. पुढे त्याच सुना पाचवारीत पुढच्या रांगेत येऊन बसल्या. मात्र हळदीकुंकवाच्या चित्रांत काही ओळखीचे चेहरे आढळत नाहीत. त्या भगिनी याच गावात होत्या. त्यांना बोलावणे नव्हते.

वयाला शोभेलसे ल्यावे, हा आपल्याकडील जुना दंडक. नववधूला हिरवा शालू, संक्रांतीला काळी चंद्रकळा, सून घरात आली की सासूने भडक रंग आवरते घ्यायचे. यात सौंदर्यदृष्टी नव्हती असे नाही. परंतु स्त्रीचे ‘वय’ वर्षांवर मोजले जात नसे, पती हयात आहे की नाही यावर मोजले जाई. ब्राह्मणादी समाजांत वीस वर्षांच्या विधवेलाही केशवपन करून आलवण नेसावे लागे आणि ती एका दिवसात म्हातारी होई. विधुरासाठी वेगळे वस्त्र कोणी नेमून दिले नव्हते. त्याने पुन्हा बाशिंग बांधले तरी चालत असे. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाहास मान्यता दिली, १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला. तरीही आलवण घरोघर दीर्घकाळ टिकले.

महाराष्ट्राबाहेर नांदलेल्या दोन स्त्रियांचे स्मरण येथे उचित ठरेल. पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडल्यावर अहिल्याबाई होळकर सती गेल्या नाहीत. १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी राज्य सांभाळले. चित्रांत त्या शुभ्र वस्त्रांतच भेटतात. पण त्यांच्याच आश्रयाने महेश्वरच्या मागांवर रंगीत काठापदरांची वस्त्रे विणली जाऊ लागली. रंग त्यांनी स्वतःसाठी घेतला नाही. परंतु तो विणणाऱ्या हातांना काम दिले.

दुसऱ्या इंदिरादेवी. सयाजीराव गायकवाडांची ही कन्या १८९२ मध्ये जन्मली आणि १९१३ मध्ये विवाह करून बंगालच्या उत्तरेकडील कूचबिहारला गेली. १९२२ मध्ये, तिशीत, त्यांना वैधव्य आले. राजपुत्र अज्ञान असल्याने राज्यकारभारही त्यांच्याकडे आला. शिफॉनच्या साडीला प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय सर्वसाधारणपणे त्यांनाच दिले जाते. पांढऱ्या शिफॉनमधील त्यांची छायाचित्रे पाहावीत : त्या वस्त्रात अंग चोरणे नाही, अल्लडपणाचा आवही नाही. एक प्रौढ स्त्री स्वतःला शोभेल ते ओळखून नेसली आहे, एवढेच जाणवते. अर्थात, राणीला जे साधले ते वाड्यातल्या माजघरात बसलेल्या विधवेला साधणे शक्य नव्हते, हेही विसरता कामा नये.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर गावांपुढे तो आदर्श म्हणून ठेवला. आलवण इतिहासजमा झाल्यावरही कुंकू आणि बांगड्या यांसाठी ठराव करावा लागतो, यावरून रूढीची मुळे किती खोल असतात ते कळते.

परप्रांतात राहणाऱ्या आम्हा मंडळींनी भाषा जपली, सण जपले. त्यांच्याबरोबर ही वगळण्याची रीतही नकळत जपली. शोभून दिसणे म्हणजे काय, हे ज्याचे त्याने आरशासमोर ठरवावे. पिकल्या केसांना अंजिरी काठ शोभतो की मोतिया रेशीम, हा रुचीचा प्रश्न आहे; त्यात सौभाग्याचा हिशेब नको. येत्या संक्रांतीला मंडळाचे बोलावणे प्रत्येक घरातील प्रत्येक स्त्रीला जावे, आणि तिने आपल्या आवडीची साडी नेसून पुढच्या रांगेत बसावे. शतकमहोत्सवाच्या वेळी छायाचित्रे चाळणाऱ्यांना त्या रांगेत एकही चेहरा उणा वाटू नये, एवढीच आमची इच्छा.