टाच आणि तिसरा रिचर्ड

चवड्यांवर चालणारे मूल पाहताना आपण नेमके काय वाचतो? खोड, व्याधी, की वाढीचा एक टप्पा? या वाचनालाही इतिहास आहे, आणि त्याची एक वाट शेक्सपिअरमधून जाते.

लंडनचे डॉक्टर विल्यम जॉन लिटल (१८१०–१८९४) यांचे डावे पाऊल बालपणीच्या आजारानंतर वाकडे झाले होते. १८३६ मध्ये हॅनोव्हरच्या श्ट्रोमायर यांनी त्वचेला लहानसा छेद देऊन त्यांच्या टाचेची कंडरा कापली आणि पाऊल सुधारले. पुढच्याच वर्षी लिटल यांनी ही शस्त्रक्रिया इंग्लंडमध्ये केली.

पण काही मुलांच्या दुखण्याचे मूळ पायात नव्हतेच. अवघड वा अकाली प्रसूतीत श्वास कोंडून मज्जासंस्थेला इजा होते व पाय ताठरतात, असे लिटल यांनी १८६१ मध्ये लंडनच्या प्रसूतितज्ज्ञांपुढे मांडले. त्या निबंधात त्यांनी दाखला दिला तो तिसऱ्या रिचर्डच्या स्वगताचा! ज्या देहात प्रेक्षकांना दुष्टपणा दिसे, त्यात लिटल यांना जन्मवेळेची इजा दिसली. १८९७ मध्ये फ्रॉइड यांनी प्रतिप्रश्न केला: अवघड प्रसूती हे कारण, की आधीच बिघडलेल्या गर्भवाढीचे लक्षण? २०१२ मध्ये लेस्टर येथे सापडलेल्या रिचर्डच्या सांगाड्यात कणा वाकलेला आढळला; तो बाकही जन्मजात नव्हता. साक्षीदार चुकीचा ठरला, तरी लिटल यांची विचारण्याची दिशा टिकली.

१९६७ मध्ये हॉल, सॉल्टर आणि भल्ला यांनी मज्जासंस्था निरोगी असूनही चवड्यांवर चालणाऱ्या मुलांची नोंद केली. २०१२ च्या एका स्वीडिश पाहणीत साडेपाच वर्षांच्या १४३६ मुलांपैकी ४.९ टक्के मुले तशी चालत होती वा पूर्वी चालत असत. त्यांतील निम्म्याहून अधिकांची सवय आपोआप सुटली होती.

म्हणून आज डॉक्टर आधी हकिकत ऐकतात: जन्म कसा झाला, चालणे कधी सुरू झाले, टाच एकाच पायाची उचलते का, पूर्वी टेकणारी आता टेकेनाशी झाली का? मग स्नायूंचे बळ, ताठरपणा आणि घोट्याची लवचिकता तपासतात. सारे ठीक असल्यास वाट पाहणे; घोटा आखडल्यास ताणाचे व्यायाम, प्लास्टर; शस्त्रक्रिया शेवटी.

देहावरून स्वभाव ठरवण्याची घाई आम्हा वाचकांनाही नवी नाही. संहितेप्रमाणे मुलाच्या चालीलाही आधी पूर्वपीठिका विचारावी, निकाल मागाहून द्यावा, एवढे लिटल यांच्याकडून आपण शिकू शकतो.