दहन आणि पेरणी : बीटी कापसाच्या नियमनाची परिभाषा

शासकीय नियमांकडे संहिता म्हणून पाहण्याची सवय साहित्याच्या तौलनिक अभ्यासकांना फारशी नाही. कीडप्रतिकारक पिकांच्या नियमनाचा इतिहास मात्र एका शीर्षकापासूनच वाचावा लागतो. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ याखाली केंद्र शासनाने ५ डिसेंबर १९८९ रोजी जे नियम काढले, त्यांच्या शीर्षकात घातक सूक्ष्मजीव आणि जनुकीय अभियांत्रिकीने घडविलेले सजीव शेजारी शेजारी उभे आहेत. उत्पादन, वापर, आयात, निर्यात आणि साठवण ही त्या शीर्षकातील क्रियापदे. पेरणी त्यात नाही. प्रयोगशाळा व कारखाना डोळ्यांपुढे ठेवून रचलेली ही परिभाषा पुढे पऱ्हाटीच्या शेतात उतरली, आणि नियमनाचे बरेचसे अपयश या स्थलांतरातच दडलेले आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

हे स्थलांतर जालन्याहून झाले. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये तेथे स्थापन केलेल्या महिको कंपनीला १९९५ मध्ये अमेरिकेतील बीटी कापसाचे १०० ग्रॅम बी आणण्याची परवानगी मिळाली. त्यातील जनुक येथील वाणांत संकराने उतरविण्यात आले. कायद्याच्या लेखी परीक्षणाचा विषय होता तो हे जनुक. शेतकऱ्याच्या हाती आले ते संकरित सरकीचे पाकीट. संकरित बी घरी राखून पुन्हा पेरण्यात अर्थ नसतो, ही गोष्ट जैवसुरक्षेच्या चौकटीत बसत नव्हती, म्हणून तिची चर्चा तेथे जवळजवळ झालीच नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा सहभाग असलेले आणि राखून पेरता येणारे बीटी वाण २००९ मध्ये शेतात आले खरे, पण त्यात मोन्सँटोच्या जनुकाचा अंश आढळल्यावर ते मागे घ्यावे लागले.

दरम्यान परिभाषेची दुसरी एक धारा वाहत होती. १९९८ च्या अखेरीस कर्नाटकात प्रा. नंजुंडस्वामी यांच्या रयत संघाने बीटी कापसाची चाचणीपिके उपटून जाळली. बीज सत्याग्रहाची भाषा बोलणारी ही चळवळ गांधीपरंपरेचा वारसा सांगत होती. २००१ मध्ये गुजरातेत नवभारत १५१ या नावाने विकले गेलेले कापसाचे बी परवानगीविना बीटी असल्याचे उघड झाले, तेव्हा पीक उपटून जाळण्याचा आदेश शासनानेच दिला. तो व्यवहारात आला नाही. शरद जोशी यांनी त्या शेतकऱ्यांची बाजू घेतली. अवघ्या पाच महिन्यांनी, २६ मार्च २००२ रोजी, महिकोच्या तीन संकरित वाणांना तीन वर्षांची सशर्त मान्यता मिळाली.

त्या मान्यतेतील एक अट येथे विशेष विचारात घेतली पाहिजे. बीटी कापसाभोवती पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे अधिक असेल तेवढा साधा कापूस लावणे बंधनकारक होते. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साधी सरकी त्यासाठीच दिली जाई. बोंडअळीला काही साधी झाडे मिळाली, की विषाला न सरावलेल्या अळ्या टिकतात आणि त्यांच्या संकरामुळे प्रतिकारक्षम अळ्यांचे प्रमाण लवकर वाढत नाही, हा त्यामागील तर्क. इंग्रजीतील निर्वासितांच्या आश्रयाचा शब्द मराठीत ‘रेफ्युजी’ होऊन आला आणि तसाच राहिला. त्याचा अर्थ कोणी सांगितलाच नाही. अळी मारण्यासाठी पैसे मोजलेल्या माणसाने अळीसाठी मुद्दाम पीक का वाढवावे? बहुतेकांनी ते लहान पाकीट पेरलेच नाही. गुलाबी बोंडअळीची प्रतिकारशक्ती २०१० पर्यंत गुजरातेत दिसली होती. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात डोमकळ्यांनी शेते भरली. प्रतिकारशक्तीला यापलीकडेही कारणे आहेत, तरी अनुवादाच्या अभावाचे एवढे महाग उदाहरण विरळाच.

नियमनाने स्वतःचे शब्द मात्र बदलले. वांग्याच्या बीटी वाणाला २००९ मध्ये समितीने हिरवा कंदील दाखविला. जयराम रमेश यांनी ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्याला स्थगिती दिली आणि त्याच वर्षी ‘मान्यता समिती’ची ‘मूल्यांकन समिती’ झाली. निर्णयाचा अधिकार नावापुरताही समितीकडे उरला नाही.

१० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेने जाहीरपणे तणनाशक सहन करणारा, मान्यता नसलेला कापूस पेरला. त्या वेळच्या कायद्यानुसार यासाठी पाच वर्षांच्या कारावासाची तरतूद होती. आंदोलनाचे नाव होते सविनय कायदेभंग. कर्नाटकात ज्या परंपरेच्या नावाने पीक जाळले गेले, तिच्याच शब्दांत येथे ते पेरले गेले. मिठाच्या रूपकाचा असा दुहेरी प्रवास भारतीय भाषांतील आंदोलनवाङ्मयात अन्यत्र शोधण्यासारखा आहे. वऱ्हाडात या बियाण्याला ‘चोरबीटी’ म्हणतात. विकणारा, पेरणारा आणि छापा घालणारा, तिघेही हाच शब्द वापरतात.