यवन युक्लिड

जुन्नरच्या बौद्ध लेण्यांना दान देणाऱ्यांत तीन यवन आहेत: इरिल, चिट आणि चंद. ब्राह्मी लिपीतल्या प्राकृत लेखांत त्यांच्या देणग्यांची नोंद आहे. इरिलाने पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी दिली. चिटाने भोजनमंडप दिला, चंदाने गर्भद्वार. नाणेघाटातून कोकणात आणि तिथून समुद्रापार चालणाऱ्या व्यापाराचं जुन्नर हे मोठं ठाणं होतं, म्हणून इथे यवन सापडावेत यात नवल नाही.

यवन हा शब्द आयोनियावरून आला, म्हणजे मूळ अर्थ ग्रीक. अरबीतलं यूनान त्याच मुळाचं. युनानी दवाखान्यातलं युनानीही तेच. पुढे मराठीत हा शब्द मुसलमानांना चिकटला, आणि बखरींत तर तो शत्रूसाठीच येतो. तो वाचताना वर्गात आपल्याकडे माना वळतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे.

अशाच एका खऱ्याखुऱ्या यवनाचं पुस्तक आपण सगळे शिकलो. युक्लिड इ.स.पू. 300च्या सुमारास इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात शिकवत होता. त्याच्या आयुष्याबद्दल फारच थोडं हाती लागतं. राजाने भूमितीचा सोपा रस्ता विचारला तेव्हा राजांसाठी वेगळा रस्ता नसतो असं त्याने सांगितलं, ही गोष्ट कित्येक शतकांनंतर लिहिली गेली. पुस्तक मात्र राहिलं, 13 खंडांचं. आधी व्याख्या, मग काही गृहीतकं, आणि त्यापुढे एकही विधान पुराव्याशिवाय नाही. पहिलंच विधान घ्या. दोन खुंट्या ठोका. त्यांच्यातल्या अंतराएवढी दोरी घेऊन दोन्हींभोवती वर्तुळं काढा. ती जिथे छेदतात तो बिंदू खुंट्यांना जोडला की समभुज त्रिकोण तयार. पण दिसतो म्हणून तो समभुज, हे युक्लिडला चालत नाही. का, ते सांगावं लागतं: तिन्ही बाजू त्या एकाच दोरीएवढ्या आहेत म्हणून. गुरू म्हणतो म्हणून नाही आणि राजा म्हणतो म्हणूनही नाही. मला त्याची शिकवण इथे सापडते.

हे पुस्तक बगदादमध्ये अरबीत आलं. हारून रशीदच्या काळात अल-हज्जाजने ते उतरवलं. पुढे इसहाक इब्न हुनैन या ख्रिस्ती विद्वानाने नवं भाषांतर केलं आणि साबित इब्न कुर्रा या साबियाने ते तपासलं. 1248 मध्ये नसीरुद्दीन तूसीने त्याची नवी मांडणी केली. हिंदुस्थानच्या मदरशांत 'उक़लीदस' शिकवला जाई तो बहुधा तूसीच्या हातचा. त्याच अरबी पुस्तकावरून 18व्या शतकात सवाई जयसिंहाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाने संस्कृत 'रेखागणित' रचलं. काम भक्कम आहे. पण त्यातल्या श्लोकांत हे शास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला सांगितलं, मधे ते लुप्त झालं आणि महाराजांच्या आज्ञेने पुन्हा प्रकाशात आलं, असं म्हटलंय. युक्लिड त्या श्लोकांत नाही, तूसीही नाही. ही त्या काळची रीत असेल, तरी मला ते खटकतं. जुन्नरच्या कातळावर दात्याच्या नावाआधी 'यवन' कोरायला कुणाला संकोच वाटला नव्हता.

जुन्नर-आंबेगावच्या शाळांत दहावीला पायथागोरसचं प्रमेय येतं. ते युक्लिडच्या पहिल्या खंडातलं 47वं विधान. काटकोन नसलेल्या त्रिकोणांनाही लागू होईल असं त्याचं रूप साबित इब्न कुर्राने मांडलं. फळ्यावर काटकोन काढता काढता शिक्षकांनी एवढं सांगितलं तर एक मिनिट जाईल.