वादळमार्ग (रायपूर–विदर्भ पट्टा)

वादळ ज्या वाटेने सरकते ती वाट व तिची दिशा. वादळाच्या आतले वारे कितीही जोराने फिरोत, सबंध वादळ कोणीकडे जाणार हे मुख्यतः सभोवतीच्या वरच्या थरांतील वारे ठरवतात; जमिनीलगतच्या वाऱ्यावरून ते ओळखता येत नाही. रायपूरमधील तात्यापारा (सु. २१° १५′ उ., ८१° ३८′ पू.) ह्या जुन्या मराठी वस्तीवर दोन विरुद्ध दिशांनी वादळे येतात : उन्हाळ्यात बहुधा पश्चिमेकडून, पावसाळ्यात पूर्वेकडून.

उन्हाळी वादळे : एप्रिल-मेमधील गडगडाटी मेघ काही किलोमीटर उंचीवरील पश्चिमी वाऱ्यांबरोबर सरकतात. आयुष्य थोड्या तासांचे.

मोसमी अवदाब (पावसाळ्यातील कमी दाबाचे भोवरे) : ह्या पट्ट्याच्या शेतीचे व पुरांचे गणित ह्यांच्याच वाटेवर अवलंबून असल्याने, वाऱ्याचा वेग कमी (ताशी ३१ ते ४९ किमी.) असला तरी ते मोठ्या चक्रीवादळांइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजेत. बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात उगम पावून ते ओडिशा, छत्तीसगढ, मध्य प्रदेश असे पश्चिम-वायव्येकडे जातात. ताशी १० ते १५ किमी. गतीने ओडिशाच्या किनाऱ्यावरून रायपूरपर्यंत दीड-दोन दिवस लागतात. खालच्या थरात मोसमी वारे पश्चिमेकडून वाहत असताना अवदाब त्यांच्या उलट कसा जातो, ह्याविषयी एकमत नाही. वरच्या थरांतील पूर्वेचे वारे त्याला ओढतात, असे जुने स्पष्टीकरण आहे. पृथ्वीच्या भ्रमणाचा हवेवरील परिणाम उत्तरेकडे वाढत जातो आणि अवदाबाच्या पश्चिम अंगाला उत्तरेची हवा दक्षिणेकडे येत असल्याने भोवरा त्या बाजूला सरकतो, ह्यावर अलीकडे भर दिला जातो. नैऋत्य भागातील जोरदार पाऊसही भोवऱ्याला तिकडे बळ देतो, असे काहींचे मत आहे. सर्वाधिक पाऊस ह्याच नैऋत्य भागात पडत असल्याने केंद्र रायपूरच्या उत्तरेकडून गेल्यास शहर व शिवनाथ नदीचे खोरे झोडपले जाते. केंद्र बस्तरमार्गे गेल्यास पाऊस सहसा दक्षिणेकडे सरकतो.

मार्ग वळणे : उत्तरेकडील उच्चदाबाचा पट्टा भक्कम असला की वादळ पश्चिमेकडे जात राहते, पश्चिमी वाऱ्यांतील द्रोणीने (कमी दाबाच्या लांबट भागाने) त्या पट्ट्याला खिंडार पाडले की ते उत्तरेकडे, मग ईशान्येकडे वळते. आंध्र किनाऱ्यावरील दोन वादळांत हा फरक स्पष्ट दिसतो. हुदहुद १२ ऑक्टोबर २०१४ रोजी विशाखापट्टणमला धडकले, छत्तीसगढमार्गे उत्तरेकडे वळले, आणि त्याच्या बाष्पामुळे नेपाळमध्ये अन्नपूर्णा परिसरात प्राणघातक हिमवृष्टी झाली. गुलाब २६ सप्टेंबर २०२१ रोजी विशाखापट्टणमपासून जवळच, कलिंगपट्टणमच्या आसपास, जमिनीवर आले व पश्चिमेकडेच चालत राहिले. क्षीण झाल्यावरही त्याने विदर्भ-मराठवाड्यात अतिवृष्टी केली, गुजरातमार्गे अरबी समुद्र गाठला, तेथे शाहीन ह्या नावाने पुन्हा बळ धरले आणि ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या किनाऱ्यावर आदळले. हुदहुदला द्रोणीने उत्तरेकडे खेचले. गुलाबच्या वाटेत तसे काही आले नाही.

अरबी समुद्रातील वादळे (तुलनेसाठी) : निसर्ग (३ जून २०२०) अलिबागजवळ जमिनीवर आले, तौक्ते (मे २०२१) कोकणाला समांतर उत्तरेकडे जाऊन गुजरातला धडकले.