'सवाई' म्हणजे किती?

सासूच्या हातची पुरणपोळी चांगली आणि सुनेची त्याहून चांगली झाली, की आपण म्हणतो, सून सवाई निघाली. आज याच शब्दाबद्दल बोलू या, कारण एका पेशव्याच्या नावाआधी तो कायमचा बसला आहे.

सवाई म्हणजे सव्वापट, एकावर पाव. जुन्या बायकांना त्याचा दुसरा अर्थही ठाऊक असतो. पेरणीला धान्य सवाईने आणायचं, म्हणजे ४ पायल्या आणल्या तर सुगीला ५ फेडायच्या. दिढीने आणल्या तर ६. गटात महिना शेकडा २ व्याज असेल, तर सहा महिन्यांत १०० चे ११२ होतात. सवाईत तेवढ्यात १२५ व्हायचे!

राजांमध्ये हे नाव गाजलं ते आमेरच्या जयसिंगामुळे. त्याने १७२७ साली जयपूर वसवलं. लहानपणीची त्याची हुशारी पाहून औरंगजेबाने त्याला सवाई म्हटलं, असं सांगतात. पुढे त्याच्या गादीवरचे राजे पिढ्यानपिढ्या ते लावत राहिले. सवाई माधोपूर या गावाच्या नावातही तेच आहे.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. थोरले माधवराव पेशवे १७७२ साली थेऊरला क्षयाने गेले, वय अवघं २७. धाकटे भाऊ नारायणराव गादीवर आले आणि ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात त्यांचा खून झाला. पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. चुलत सासरे राघोबादादा पेशवे झाले होते. नाना फडणीस, सखारामबापू वगैरे कारभाऱ्यांनी गंगाबाईंना पुरंदरावर नेलं आणि त्यांच्या नावाने कारभार सुरू केला. मुलगी झाली असती तर काय, ही धास्ती त्या बाईने कशी सोसली असेल!

१८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला. बाळंतिणीचा सव्वा महिना जेमतेम उलटला, तोच चाळिसाव्या दिवशी बाळाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. नाव चुलत्याचं, माधवराव. मग एक थोरले आणि दुसरे सवाई.

जयसिंगाचं कौतुक त्याची हुशारी पाहून झालं म्हणतात. इथे तर पाळण्यातलं पोर होतं. आमच्या मते या नावात कौतुक कमी आणि गरज जास्त होती. गेलेल्या कर्त्या पेशव्याची भरपाई हवी होती, तीही वर पाव घालून. कारभार नाना फडणिसांच्या हाती राहिला. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजामावर मोठा विजय मिळाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या माडीवरून खाली कोसळले आणि त्यातच गेले. पडले की उडी घेतली, हा वाद अजून मिटलेला नाही. वय होतं २१.

गंगाबाई १७७७ सालीच वारल्या होत्या, लेक तेव्हा तीन वर्षांचा होता. सगळ्या पेशवाईचा भार काही महिने या बाईच्या पोटावर होता. त्यांच्या नावाआधी मात्र कुणी काहीच लावलं नाही.