लोणारचा साक्षीदार : दगडातली काच

लोणारला गेला असाल, तर लवणासुराची गोष्ट गाईडने सांगितलीच असेल. विष्णूने त्याला मारलं आणि हा खड्डा पडला, अशी. पण शास्त्रज्ञांचंही या खड्ड्याबद्दल बरीच वर्षं एकमत नव्हतं, हे माहीत आहे का?

1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोणारची नोंद केली. पुढे बहुतेकांनी ठरवून टाकलं, ज्वालामुखीच असणार. दख्खनचा सगळा काळा कातळ लाव्हाचाच, मग दुसरं काय? 1896 मध्ये अमेरिकेच्या जी. के. गिल्बर्टने लोणारची तुलना ॲरिझोनातल्या एका खड्ड्याशी केली. त्याच्या मते दोन्हीही ज्वालामुखीचेच. गंमत म्हणजे पुढे दोन्हीही आघाताचे निघाले!

हे ठरवलं कशाने? दगडाने. बेसॉल्टमध्ये प्लॅजिओक्लेज नावाचं खनिज असतं. उल्का आदळली की दगडातून धक्क्याची लाट जाते. हवेच्या दाबाच्या लाखो पट दाब, तोही क्षणभरच. त्या दाबाने स्फटिकातली अणूंची शिस्तबद्ध रचना मोडते आणि त्याची काच होते. ही काच म्हणजे मॅस्केलिनाइट. ज्वालामुखी दगड वितळवू शकतो, पण एवढा दाब त्याच्या आवाक्यातला नाही.

ही काच पहिल्यांदा ओळखली गेली तीही आपल्याच देशात पडलेल्या दगडात. 1865 मध्ये बिहारमधल्या शेरघाटीला एक उल्का पडली. 1872 मध्ये चेर्माक या शास्त्रज्ञाने तिच्यातल्या या पदार्थाला नाव दिलं. तो दगड मंगळावरून आलाय, हे तर त्यानंतर शंभरेक वर्षांनी कळलं!

लोणारच्या तळाशी गाळाखाली बोअर घेतले, तेव्हा तुटक्या दगडांच्या थरात तीच काच सापडली. काठावरच्या खणलेल्या चरांत तर प्लॅजिओक्लेज वितळून फेसाळलेले तुकडे मिळाले. 1973 मध्ये फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी ‘सायन्स’मध्ये हे छापलं आणि वादाचं पारडं फिरलं. चंद्रावरची मैदानंही बेसॉल्टचीच, म्हणून तिथले खड्डे समजून घ्यायला जगभरचे अभ्यासक बुलढाण्यात येऊ लागले.

वय मात्र अजून वादात आहे. एका पद्धतीने सुमारे 52 हजार वर्षं, दुसरीने सुमारे 5 लाख 70 हजार. हा वाद मिटवणार तेही तिथलेच दगड. म्हणून पुढच्या वेळी काठावरचा एखादा खडा आठवण म्हणून खिशात टाकावासा वाटला, तर जरा थांबा. साक्षीदार आहे तो. त्याला तिथेच राहू द्या.