माणदेशची स्टीपलचेस : ललिता बाबर

माणदेश म्हटला की आपणांस दुष्काळ आणि मेंढरे आठवतात. त्याच माण तालुक्यातील मोही गावी १९८९ साली ललिता बाबर यांचा जन्म झाला. २०१२, २०१३ व २०१४ अशी लागोपाठ तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत त्या पहिल्या आल्या. एवढे यश पदरी पडल्यावर माणूस सहसा नवी वाट धरीत नाही. यांनी धरली, ती ३००० मीटर स्टीपलचेसची.

ही शर्यत मोठी खट्याळ. आयर्लंडातील घोडेस्वार गावोगावच्या चर्चची शिखरे लक्ष्य धरून कुंपणे-ओढे ओलांडीत दौडत, त्यावरून हिचे नाव पडले. हिच्यात अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरची उडी. अडथळा असा भक्कम, की पाय अडकला तर तो पडत नाही, धावणाराच पडतो. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी ही शर्यत २००८ पर्यंत नव्हतीच. (दुष्काळी मुलखातील मुलीने पाण्यावरून उड्या घ्याव्यात, हाही योगच!) पंचविशीला टेकलेल्या मॅरेथॉनपटूने पावलांचा मुरलेला ताल मोडून हे शिकावे, यात मला पदकांहून अधिक धाडस दिसते.

त्याच २०१४ साली इंचॉनच्या आशियाई खेळांत कांस्य, पुढच्या वर्षी वुहानच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण. २०१६ साली रिओत प्राथमिक फेरी ९ मिनिटे १९.७६ सेकंदांत, राष्ट्रीय विक्रमासह. १९८४ मधील पी. टी. उषांनंतर ऑलिंपिक धावपथावरील अंतिम शर्यत गाठणारी ही पहिली भारतीय स्त्री. ती शर्यत १५ ऑगस्टला झाली. ललिताबाई दहाव्या आल्या. त्यांचा विक्रम २०२३ साली बुडापेस्टला पारुल चौधरी यांच्या वेळेने मागे पडलेला होता.